घुमक्यासाठी सबवूफर

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

दादाने आज गाडीची चावी माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, "आदे, डिकीतला सबवूफर काढून ठेवलाय. आता त्यातनं आवाज येत नाही. त्या अँपला जुळणारा दुसरा बघून दे."

कॉइल जळली असणार. दादा अँपचा गेन शेवटपर्यंत फिरवून ठेवतो, हे मी त्याला पूर्वीच सांगितलं होतं. मल्टिमीटर लावून खात्री करता आली असती, पण त्याने सबवूफर पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकलाय. उतरवला नाही. दादाने आषाढात पाच अणुव्रतं घेतली, त्यात सत्य दुसरं. तेव्हापासून तो गुळाच्या सौद्यातसुद्धा गोलमोल बोलत नाही. त्याचं म्हणणं तपासून बघायची गरज नसते.

डिकी उघडून पाहिली. अँप जागेवर आहे, चालू आहे. सबवूफरकडे जाणाऱ्या वायरींची टोकं स्वच्छ आहेत. त्याने त्यांना निळी टेप लावून ठेवली आहे. नेहमीसारखं नीटनेटकं काम.

अँप एका चॅनेलचा. समोरचा सबवूफर चार ओहमचा असेल तर हा तीनशे वॉट देतो, दोन ओहमचा असेल तर पाचशे. एक ओहम त्याला सोसत नाही, तो स्वतःला बंद करून घेतो. म्हणजे जोडणी बरोबर दोन ओहमची पाहिजे आणि सबवूफरने पाचशे वॉट सलग सहन केले पाहिजेत. प्रश्न सरळ आहे.

"कशाला हवाय?" मी विचारलं.

"घुमकं ऐकायचंय. जायच्या आधी एकदा."

मुरगूडच्या कुस्तीच्या मैदानात त्याने हलगी-घुमक्याचं रेकॉर्डिंग केलं होतं. गाडीच्या दारातल्या छोट्या स्पीकरमधून हलगी येते, तिच्या जोडीचं खर्जातलं वाद्य, घुमकं, येत नाही. मी फोनवर तपासलं, त्याचा मुख्य ठोका साठ हर्ट्झच्या आसपास आहे. छोटा स्पीकर तिथे काही करू शकत नाही.

"जायच्या आधी" म्हणजे दीक्षेआधी. दादा क्षुल्लक दीक्षा, म्हणजे जैन मुनिपदाच्या वाटेवरची घर सोडायची दीक्षा, घेणार आहे.

१३ नोव्हेंबर, बुधवार

कंपनीतून लवकर निघाले. गोकुळ शिरगावहून थेट धैर्यशीलच्या दुकानात. गाड्यांचे स्पीकर, सीट कव्हर, हॉर्न, सगळं विकतो. दादाचा शाळेतला मित्र.

त्याने एक खोकं पुढे केलं. "हे घ्या ताई. तीन हजार वॉट. आरसा फुटतोय बघा."

"आरएमएस किती?"

"तीन हजार लिवलंय की वर."

"ते एका क्षणापुरतं. सलग किती चालेल?"

त्याने खोकं उलटं केलं, बारीक अक्षरं वाचली. "साडेतीनशे." मग हसला. "आयला, बाकीचं कुठं गेलं म्हणायचं?"

दुसरा दाखवला. ताकद बरोबर होती, पण दोन दोन ओहमच्या दोन कॉइल. समांतर जोडल्या तर एक ओहम, अँप बंद पडणार. एकापुढे एक जोडल्या तर चार, म्हणजे दोनशे वॉट अँपमध्येच पडून राहणार. मला चार चार ओहमच्या दोन कॉइल हव्यात. त्या समांतर जोडल्या की दोन होतात. हे त्याला कागदावर काढून दाखवलं.

"ताई, गिऱ्हाईक आलंय का परीक्षा घ्यायला सायेब आल्यात, तेच कळंना," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून दादाचं विचारलं, "अनेकांत खरंच चाललाय व्हय?"

"हो."

"तुमी काय बोलला न्हाईसा त्याला?"

मी म्हटलं, पुण्याहून मागवता येईल का ते बघ.

१७ नोव्हेंबर, रविवार

दादाला दीक्षा देणार आहेत त्या महाराजांचा एक नियम आहे. घरातल्या प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने अनुमती दिल्याशिवाय ते दीक्षा देत नाहीत. एकाचाही नकार असेल तर "पुढच्या चातुर्मासानंतर बघू" म्हणतात. हेर्ल्याचा एक मुलगा अशाच रीतीने तीन वेळा परत आला, आता त्याला दोन मुलं आहेत, असं आई सांगत होती.

आईने अनुमती दिली. रडली, मग बाहेर जाऊन शेजारणीला सांगितलं आणि तिथे हसली. अप्पांनी दोन दिवस लावले. हंगाम चालू आहे, अडतीवर गूळ येतोय, आणि सौद्याला उभं राहायला दादाशिवाय कुणी नाही. शेवटी म्हणाले, "मी धर्माच्या आडवा येणारा कोण? जा."

दादाने मला अजून विचारलेलं नाही.

आज जेवताना आईनेच विषय काढला. "आदीला विचारलास का?"

"तिच्या हातात काम दिलंय," दादा म्हणाला. "तेवढं होऊ दे. मग विचारतो."

दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, ते मला कळलं नाही. सूर्यास्त जवळ आला होता, सगळ्यांनी त्याआधी भराभर जेवण आवरलं.

माझ्या मताने काही बदलणार आहे असं मला वाटत नाही. दादाने मीठ सोडलं, तूप सोडलं, गादी सोडली. प्रत्येक वेळी आम्हाला नंतर कळलं. अनुमती हा उपचार आहे. जसं आमच्या कंपनीत विजेचं पॅनेल तयार होऊन खोक्यात गेल्यावर तपासणीची सही मागतात.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

सापडला. दहा इंची, चार चार ओहम, आरएमएस पाचशे. धैर्यशीलच्या पुण्याच्या माणसाकडे आहे. डिकीत पेटी लहान लागेल, म्हणजे अप्पांच्या गुळाच्या ढेपाही मावतील.

दादाला फोटो दाखवला. त्याने बराच वेळ पाहिला.

"दहा इंची?"

"तुझ्या घुमक्याला पुरेसा आहे. आलेख दाखवू?"

"बारा इंची बघ ना. पहिला बारा होता."

"मग पेटी मोठी होईल. अप्पा ओरडतील."

"ओरडू देत. तू बघ."

बारा इंची का, ते सांगितलं नाही. ऑर्डर रद्द केली.

२४ नोव्हेंबर, रविवार

दीक्षा घेणाऱ्याची ओटी भरतात, त्यासाठी आज दादाला तीन घरी बोलावलं होतं. अजून तारीख नाही, पण लोकांनी धरूनच घेतलंय. मी त्याला सोडायला गेले. एका घरी एक बाई मला म्हणाली, "भाग्यवान बहीण. सात पिढ्या उद्धरल्या तुमच्या." मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणतात ते मला माहीत नाही.

परत येताना दादा मधेच म्हणाला, "तुला आठवतं का, मी तुला पहिल्यांदा सोल्डरिंग शिकवलं होतं?"

"तू नाही शिकवलंस. तू बोट भाजून घेतलंस. मी पुस्तक वाचून शिकले."

तो इतका हसला की मला गाडी हळू करावी लागली.

२५ नोव्हेंबर, सोमवार

बारा इंची मिळाला. चार चार ओहम, आरएमएस साडेपाचशे. अगदी बरोबर. शुक्रवारपर्यंत येईल. पेटी बंद ठेवायची असं मी ठरवलं होतं, कारण बंद पेटीत ठोका संपला की संपतो, रेंगाळत नाही. घुमक्याला तेच हवं.

दादा म्हणाला, "पेटीला नळी असते ना काहींच्या? तशी करता येते का?"

"येते. पण गणित नव्याने करावं लागेल. सुतारालाही आठवडा लागेल."

"मग लागू दे."

गरज दुसऱ्यांदा बदलली. अडतीवर दिलेला शब्द हा माणूस आयुष्यात फिरवत नाही आणि इथे रोज नवीन मागणी. मी त्याला स्पष्ट सांगितलं की नळीच्या पेटीने आवाज मोठा होईल पण ठोका ढिला पडेल. त्याला खरंच काय ऐकायचं आहे ते त्याने एकदा ठरवावं.

तो म्हणाला, "बरं. बंद कर."

अप्पा पडवीतून ऐकत होते. "एक पोरगं मोक्षाला चाललंय आणि एक पोरगी ढुम ढुम मोजत बसलीया. आमच्या घरात नशीब तर बघा."

२७ नोव्हेंबर, बुधवार

कंपनीत एका पॅनेलची तपासणी दोनदा चुकली. एकच वायर दोनदा वगळली. कारण सापडलं नाही.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

सबवूफर आला. दोन्ही कॉइल मोजल्या, ३.७ आणि ३.७. समांतर जोडून १.९. ओहमचे आकडे थोडे कमीच दिसतात, ते ठीक आहे. हाताने पडदा दाबून पाहिला, कुठे घासत नाही. नवीन वस्तूही मी मोजल्याशिवाय लावत नाही. उद्या पेटी.

खरं तर उद्याच बसवायला हवं असं नाही. वायरही जाड घ्यायला हवी होती, हे काम पुढच्या आठवड्यात गेलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण तयार असलेलं काम ठेवून देणं मला जमत नाही.

१ डिसेंबर, रविवार

बसवलं. गेन मोजून लावला. अँप पूर्ण देतो आणि आवाज फाटत नाही, बरोबर त्या रेषेवर.

सकाळी दादाला घेऊन रत्नागिरी रोडने निघाले. केर्लीच्या पुढे उसाच्या रानाशी गाडी थांबवली, काचा वर केल्या. त्याने पेन ड्राइव्ह लावला.

आधी हलगी आली, ती नेहमीचीच. मग घुमकं आलं. मैदानातली माणसं, लांबून कुणाची तरी आरोळी, आणि त्या सगळ्याखाली तो ठोका. सीटमधून वर येत होता. दादाने तळहात दारावर ठेवला होता. डोळे मिटले नव्हते. तो माझ्याकडे बघत होता.

संपल्यावर म्हणाला, "अजून काही सुधारायचं राहिलंय?"

"नाही."

"बघ नीट. वायर जाड हवी म्हणत होतीस ना?"

"एवढ्या अंतराला चालते. मी हिशेब केला. सगळं जुळलंय."

"म्हणजे झालं."

"झालं."

उसाने भरलेला एक ट्रॅक्टर गेला. दोन ट्रॉल्या लांबपर्यंत खडखडत राहिल्या. तो आवाज जाईपर्यंत दादा थांबला.

"आदे, मग विचारतो. जाऊ?"

"तुझं ठरलंय ना?"

"माझं काय ठरलंय ते मी विचारलं नाही. तुला विचारतोय."

मी नीट विचार केला. तीस वर्षांचा माणूस, अनेक वर्षांचा अभ्यास, आईवडिलांची अनुमती. अडवायला माझ्याकडे एकही कारण नव्हतं. 'मला वाटतं' हे कारण होत नाही.

"माझी हरकत नाही," मी म्हटलं.

"अजून एकदा बघ."

"हरकत नाही म्हटलं की."

त्याने पेन ड्राइव्ह काढला आणि माझ्या हातात दिला. महाराजांना दुपारी निरोप गेला. अकरा तारखेचा मुहूर्त निघाला.

४ डिसेंबर, बुधवार

दिलेली अनुमती परत घेता येते का? नियमात तसं काही नाही. आईला विचारलं तर ती विचारील, का? आणि मी काय सांगू?

तो रोज कुणाच्या तरी घरी जेवतो आहे. मी रोज कंपनीत जाते. आमची भेट जिन्यात होते. आज "वायर गरम होत नाही ना?" असं विचारलं त्याने. नाही म्हटलं.

११ डिसेंबर, बुधवार

पाच हजार माणूस असेल. मंडपाच्या स्पीकरमध्ये पन्नास हर्ट्झची घरघर होती, कुठेतरी अर्थिंग सुटलं होतं. मी सारखी तेच ऐकत होते. उठून सांगावं असं वाटलं, पण आम्ही पहिल्या रांगेत बसलो होतो.

डोक्याचे केस उपटून काढायचा केशलोंच त्याने स्वतःच्या हाताने सुरू केला. आईने पदरात केस झेलले. मी बघत होते आणि नव्हते. मग महाराजांनी माइक पुढे ओढला आणि घरच्यांना उभं राहायला सांगितलं. "सर्वांची अनुमती आहे?"

अप्पा "हो" म्हणाले, तो शब्द घरघरीत बुडला. आईचा हो ऐकूच आला नाही. माइक माझ्यापुढे आला. दादा समोरून बघत होता, कपाळावर रक्ताचे बारीक ठिपके.

मी स्पष्ट "हो" म्हटलं. शेवटच्या रांगेपर्यंत गेला असणार.

मोरपिसांची पिच्छी दिली, कमंडलू दिला, नवं नाव पुकारलं. लोकांनी जयजयकार केला. नंतर आम्ही रांगेने पुढे गेलो. आता दादा म्हणायचं नाही. आता "तो" नाही, "ते". हात जोडून "इच्छामि" म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. आईने मला कोपराने खुणावलं. मी म्हटलं. बाजूला झाले.

धैर्यशील मंडपाच्या दाराशी उभा होता. डोळे पुसत म्हणाला, "ताई, ह्यो सुखाचा सोहळा हाय म्हणत्यात सगळी. मग मला का असं व्हतंय?"

"माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

५ जानेवारी २०२५, रविवार

अप्पांनी दादाच्या, म्हणजे त्यांच्या, वस्तू वाटायला काढल्या. कपडे, घड्याळ, सायकल. माळ्यावरचंही काढ म्हणाले. मी वर चढले. पोत्यात सबवूफर होता. गुळाचं पोतं, त्याला मुंग्या लागल्या होत्या.

"भंगारात घाल ते," अप्पा खालून म्हणाले. "जळलंय न्हवं?"

सवयीने मल्टिमीटर आणला. पहिली कॉइल ३.७. दुसरी ३.६. बॅटरी बदलून पुन्हा मोजलं. तेच. हाताने पडदा दाबला, सरळ आत गेला, सरळ बाहेर आला. वास घेतला, जळलेल्या कॉइलचा वास महिनोन्महिने जात नाही. मुंग्यांचा आणि गुळाचाच वास होता.

खाली नेऊन डिकीतला नवा काढला, जुना लावला. पेन ड्राइव्ह लावला.

आवाज येतो.

मी डिकीच्या काठावर बसून राहिले. ते खोटं बोलले नव्हते. वायर सोडवून टोकांना टेप लावल्यावर त्यातून आवाज येणार नव्हताच. जळला असं ते कधी म्हणाले नाहीत. जळला असं मी म्हटलं. मी कंपनीत शिकाऊ मुलांना सांगते, समोरच्याने काय सांगितलं ते ऐका आणि मग स्वतः मोजा. मी मोजलं नाही, कारण सांगणारा व्रती होता.

मग बारा इंची कशाला? नळीची पेटी कशाला? जाड वायर कशाला? "अजून एकदा बघ" कशाला? काम झालं की विचारतो, असं ते म्हणाले होते.

अप्पा बाहेर आले. "काय गं, चाललंय की हे."

"हो."

"मग त्यानं काढलं कशाला?"

"माहीत नाही," मी म्हटलं. यावेळी ते खरं होतं की नाही, सांगता येत नाही.

९ जानेवारी, गुरुवार

विचारता येईल. विचारलं तर ते खरंच सांगतील, त्यांना दुसरं काही सांगता येत नाही. आणि ते ऐकून मी काय करणार? महाराजांना म्हणू, माझी सही चुकून झाली?

नवा सबवूफर परत करावा असा विचार होता. धैर्यशील घेईल. अजून नेला नाही.

१९ जानेवारी, रविवार

महाराजांचा संघ मलकापुरात आहे. आईच्या हातून त्यांना आहार द्यायचा होता, म्हणून पहाटे निघालो. गाडी मी चालवली. केर्ली गेली.

आहार झाल्यावर मंदिराच्या मागच्या खोलीत दर्शन. ते चटईवर बसले होते. बारीक झाले आहेत, केस अर्धा इंच आलेत. आम्ही अंतर ठेवून बसलो. "इच्छामि." त्यांनी हात वर केला.

आईने तब्येतीचं विचारलं. अप्पांनी गुळाचे दर सांगितले आणि मधेच थांबले.

"गाडीनं आलात?" त्यांनी विचारलं.

"व्हय. आदीनं आणली," अप्पा म्हणाले.

बाहेर कुणीतरी भांडी घासत होतं. मी इतके दिवस प्रश्न तयार केला होता, त्यातला एकही शब्द जागेवर नव्हता.

"जुनाच बसवलाय," मी म्हटलं.

"काय जुना?" आईने विचारलं.

ते पिच्छीची पिसं एकेक करून सरळ करत होते. बोटं थांबली.

"आवाज येतो?"

"येतो."

"बरं," ते म्हणाले. मान वर केली नाही. सामायिकाची, ध्यानाची, वेळ झाली म्हणून एक ब्रह्मचारी आत आले आणि आम्ही उठलो.

परतीच्या वाटेवर बांबवड्याजवळ अप्पा म्हणाले, "हळू बोलला, मला ऐकू आलं न्हाई. काय विचारलं त्यानं तुला?"

"त्यांनी म्हणावं," आई म्हणाली.

"गाडीचं विचारलं," मी सांगितलं.

"गाडीचं? अजून?" अप्पा खिडकीबाहेर बघून हसले. "जीव गुतलाय म्हणायचा अजून."

"असं बोलू नये," आई म्हणाली.

पुढे चढ होता. मी गिअर बदलला.